मुंबईत कमी पैशात ‘नाइट लाइफ’ कशी एन्जॉय करायची? परमिट रूमपासून शेवटच्या लोकलपर्यंतचं सगळं गणित

मुंबई कधीच झोपत नाही, असं म्हणतात. पण मुंबईची लोकल झोपते. मार्गाप्रमाणे साधारण सव्वाबारा ते एकच्या दरम्यान शेवटची गाडी सुटते आणि पुढची थेट पहाटे चारच्या सुमारास. बार मात्र रात्री दीडपर्यंत सुरू राहू शकतात. म्हणजे बार बंद व्हायच्या आधीच घरी नेणारी सगळ्यात स्वस्त गाडी निघून गेलेली असते.

कोल्हापूर, नाशिक, नागपूरहून दोन दिवस मुंबई बघायला आलेल्या पोरांचं बजेट कोलमडतं ते नेमकं इथंच. आत बसून जेवढे पैसे जातात, जवळपास तेवढेच परतीच्या कॅबमध्ये जातात. त्यामुळे मुंबईत रात्र स्वस्तात घालवायची तर दारूच्या किमतीआधी घड्याळ समजून घ्यावं लागतं. आणि त्याहीआधी समजून घ्यावी लागते ती परमिट रूम.

परमिट रूम म्हणजे नेमकं काय?

मुंबईत फिरताना पाट्यांवर ‘बार’पेक्षा ‘परमिट रूम’ हा शब्द जास्त दिसतो. त्याचं मूळ दारूबंदीत आहे. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते आणि ते दारूबंदीचे कट्टर समर्थक. त्या काळात दारू प्यायची तर सरकारी परवाना लागायचा. ज्यांच्याकडे तो नव्हता ते चोरून प्यायचे. गल्लीबोळांत, घरातल्या खोलीत बायका हातभट्टीची दारू विकायच्या. ‘आंटीचा अड्डा’ हा शब्द तिथूनच आला.

पुढे साठच्या दशकात हे नियम सैल झाले. पण कायदा गेला नाही. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून लागू आहे. परवानाधारकाला जिथे बसून पिता येतं ती जागा म्हणजे परमिट रूम.

म्हणजे कागदावर आजही दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, वर्षाचा १०० रुपयांना आणि आयुष्यभराचा १००० रुपयांना. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या वेबसाइटवरून तो काढता येतो. बारमध्ये फारसं कुणी विचारत नाही, पण तपासणी झाली तर खिशातला तो कागद कामाला येतो.

वयाचं मात्र विचारलं जातं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, तर व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या हार्ड ड्रिंकसाठी २५. गोव्यात १८ ला चालतं म्हणून मुंबईतही चालेल, असं नाही. ओळखपत्र सोबत ठेवायचं.

परमिट रूम स्वस्त का असते?

एखाद्या पबमध्ये जी बिअर मिळते तीच बिअर परमिट रूममध्ये निम्म्या किमतीला मिळू शकते. बाटली तीच, कंपनी तीच. मग फरक कशाचा? तर जागेचा. पबमध्ये ग्राहक डीजे, लायटिंग, इंटिरियर आणि लोअर परळसारख्या भागातलं भाडं या सगळ्याचे पैसे देत असतो. परमिट रूममध्ये साधं टेबल, ट्यूबलाइट आणि भिंतीवर क्रिकेट लावलेला टीव्ही.

यात अजून एक फरक असतो, जो बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतो. बऱ्याच परमिट रूममध्ये एकाच छताखाली दोन रेट असतात. तळमजल्यावर नॉन एसी आणि वरच्या मजल्यावर एसी. दोन्हीकडचा माल सारखाच, पण वर मेन्यू कार्ड वेगळं. त्यामुळे बसायच्या आधी ‘नॉन एसी आहे का?’ एवढं विचारलं तरी बिल खाली येतं.

कुलाब्यात ताज हॉटेलच्या मागच्या गल्लीतलं गोकुळ हे अशा बारचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. कॉलेजची पोरं, ऑफिसवाले आणि पाठीवर सॅक लावून फिरणारे परदेशी पर्यटक तिथे एकाच रांगेत बसलेले दिसतात. वांद्र्यात पाली नाक्याजवळचं जनता हे तसंच नाव. त्याच्या आजूबाजूला महागडे पब असताना जनता भरलेलं असतं.

थोडे जास्त पैसे खर्च करायची तयारी असेल तर कुलाबा कॉजवेवर १८७१ सालचं लिओपोल्ड आहे. २६/११ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथे अजून जपून ठेवल्यात. जवळच कॅफे मोंडेगार आहे, ज्याच्या भिंती मारिओ मिरांडांच्या व्यंगचित्रांनी रंगवलेल्या आहेत. या दोन्ही ठिकाणी परमिट रूमचे दर मिळत नाहीत, पण चारजणांत एक पिचर घेऊन तासभर मुंबई बघत बसता येतं.

ऑर्डर देतानाचं गणित

स्मॉल पेग म्हणजे ३० मिली आणि लार्ज म्हणजे ६०. नाइंटी म्हणजे ९० आणि क्वार्टर म्हणजे १८० मिली. म्हणजेच एका क्वार्टरमध्ये सहा स्मॉल पेग बसतात. दोघं-तिघं एकच ब्रँड घेणार असतील तर सुटे पेग मागवण्यापेक्षा क्वार्टर मागवणं बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं. शिवाय सीलबंद बाटली टेबलावर येते, त्यामुळे माप मारलं जाण्याचा प्रश्न उरत नाही. बिअरचंही तसंच. ३३० मिलीच्या दोन पाइंटऐवजी ६५० मिलीची एक बाटली वाटून घेतली तर पैसे वाचतात.

बाटलीवरच्या एमआरपीवरून मात्र वेटरशी भांडू नये. वाइन शॉपमध्ये एमआरपीच्या वर पैसे घेता येत नाहीत, पण हॉटेलात बसून घेतलं तर जागा आणि सेवा यांचे पैसेही त्यात आले. हॉटेलांना एमआरपीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा निकाल सुप्रीम कोर्टाने बाटलीबंद पाण्याच्या प्रकरणात २०१७ सालीच दिलाय.

चखन्याचं काय? अनेक परमिट रूममध्ये शेंगदाणे, चणे, काकडी असं काहीतरी फुकट येतं. त्यावर भागवायचं आणि जेवण बाहेर करायचं, असा अनेकांचा हिशोब असतो. पण रिकाम्या पोटी पिणं हा सगळ्यात महागडा प्रकार आहे. लवकर चढते, हिशोब सुटतो आणि ऑर्डर वाढते. त्यापेक्षा आधीच पावभाजी किंवा मिसळ पोटात टाकून बसलेलं परवडतं. मुंबईतल्या कितीतरी परमिट रूम मंगळूर-उडपीकडच्या शेट्टी मंडळींच्या आहेत, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी तिथलं जेवण अगदीच टाळायचं कारण नाही.

बिलात नेमकं काय काय लागतं?

मेन्यू कार्डवर खाली बारीक अक्षरात ‘टॅक्स एक्स्ट्रा’ लिहिलेलं असतं. दारूवर जीएसटी नाही, तिथे राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने बारमधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. जेवणावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. समजा मेन्यूप्रमाणे दारू १००० रुपयांची आणि खाणं ५०० रुपयांचं झालं, तर बिल १५०० नाही, १६२५ रुपये येणार. निघताना हिशोब या आकड्याने करायचा.

तिसरी ओळ असते सर्व्हिस चार्जची. ती मात्र सक्तीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगता येतो. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. वेटरला स्वखुशीने टिप देणं हा वेगळा विषय. परमिट रूममध्ये ती द्यावी, कारण तिथल्या पोरांची बरीच भिस्त टिपवर असते.

पब बघायचाच असेल तर?

मुंबईत येऊन एकदा तरी पब बघायचा, हा हट्ट असतोच. तो स्वस्तात पुरवायचा तर शनिवार टाळायचा. सोमवार ते गुरुवार, दुपारी चार ते संध्याकाळी आठच्या आसपास अनेक पबमध्ये हॅपी अवर असतो आणि एकावर एक फ्री मिळतं. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी लेडीज नाइटही असते.

दारात पैसे मागितले तर एकच प्रश्न विचारायचा, ‘हा कव्हर चार्ज आहे की एन्ट्री फी?’ कव्हर चार्ज असेल तर तेवढ्या रकमेचं खाणं-पिणं मिळतं. एन्ट्री फी असेल तर ते पैसे दारातच गेले.

आत शिरल्यावर अजून एक सवय लावून घ्यायची, ती म्हणजे बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघून ठेवायची. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडमध्ये पबना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. बघायला दहा सेकंद लागतात आणि त्याला पैसे पडत नाहीत.

घड्याळाचं गणित

आता मूळ मुद्दा. लोकलचं तिकीट पाच-दहा रुपयांपासून सुरू होतं. शेवटची लोकल चुकली की रिक्षा किंवा टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि काळी-पिवळी टॅक्सीचं ३१ रुपये झालं. रात्री बारा ते पहाटे पाचपर्यंत त्यावर २५ टक्के जादा लागतात. त्यात वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. म्हणजे कुलाब्यात लोकल चुकली तर रिक्षाचा पर्यायच नाही.

यावर उपाय दोन.

पहिला, जिथे मुक्काम तिथेच बसायचं. फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास डॉर्मिटरीत बेड घेतला तर कुलाबा चालत होतं. अंधेरीला राहायचं असेल तर संध्याकाळ अंधेरी-वांद्र्यात काढायची.

दुसरा, रात्र उलटी करायची. सातला बसायचं, दहाला उठायचं आणि मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जायचं. साडेतीन किलोमीटरचा तो कठडा म्हणजे मुंबईची सगळ्यात मोठी आणि पूर्ण फुकट नाइट लाइफ. न पिणारा मित्र सोबत असेल तर त्याचीही रात्र वाया जात नाही. फक्त तिथे बाटली काढायची नाही. सार्वजनिक ठिकाणी पिणं गुन्हा आहे आणि तिथे पोलिसांची गस्त असते. चर्चगेट स्टेशन तिथून चालत काही मिनिटांवर आहे. साडेबाराला उठलं तरी बोरिवलीकडे जाणारी गाडी मिळते. तरी त्या दिवशीचं वेळापत्रक अ‍ॅपवर आधी बघून ठेवायचं.

मुलींनी हे लक्षात ठेवायचं की रात्रीच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पोलीस असतात, त्यामुळे तोच डबा गाठायचा. कुठेही अडचण आली तर ११२. आणि पिऊन गाडीत धिंगाणा घातला तर रेल्वे कायद्याचं कलम १४५ लागतं, हे मुलांनी लक्षात ठेवायचं.

भाड्याची बाइक घेऊन पैसे वाचवायचा विचार तर करूच नये. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरून सुटलं तर नशीब, जीव गेला तर तेही नाही.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

बजेट कितीही कमी असलं तरी एक रेघ ओलांडायची नाही. परवाना असलेला देशी दारू बार वेगळा आणि हातभट्टी वेगळी. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल ना रंगावरून ओळखता येतं, ना वासावरून. त्याने आधी डोळे जातात, मग जीव. मेलेले बहुतेक हातावर पोट असणारे होते आणि ते तिथे गेले ते फक्त स्वस्त मिळते म्हणून. त्यामुळे पाटी नाही, सील नाही, बिल नाही, अशा ठिकाणी थेंबही घ्यायचा नाही.

शेवटची गोष्ट ड्राय डेची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ठरलेले आहेतच. शिवाय निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास सगळं बंद. तिकीट काढतानाच कॅलेंडर बघितलं तर ऐनवेळी ब्लॅकने दुप्पट पैसे देऊन बाटली शोधत फिरावं लागत नाही.

थोडक्यात, नॉन एसी टेबल, वाटून घेतलेली बाटली, पोटात आधी गेलेलं जेवण आणि हातात शेवटच्या लोकलच्या अर्धा तास आधीचा अलार्म. एवढं जमलं की मुंबईची रात्र खिशाला परवडते आणि सकाळी ती आठवतेही.