पन्नास रुपयांचे मत: मुंबईच्या करदात्यांचे बंड

गल्लीतील गटार तुंबले, नळ कोरडा राहिला आणि घरपट्टीची मागणी मात्र वेळेवर दारात आली, म्हणजे माणूस आधी शेजाऱ्याला गाठतो. दोघे मिळून मग नगरसेवकाला नावे ठेवतात. या संवादातील शेजारी पुरातन आहे, गटारही पुरातन आहे, पण नगरसेवक तुलनेने नवा आहे. १८७३ पूर्वीच्या मुंबईत शिव्या घालण्यापुरतासुद्धा नागरिकांनी स्वतः निवडलेला एकही माणूस नगरकारभारात नव्हता. तो मिळाला कसा, याची हकिकत पाणी, मैला, दिवाबत्ती आणि वाढलेले कर यांच्या भांडणातून जाते. स्वातंत्र्य, स्वराज्य हे मोठे शब्द त्या भांडणात फारसे कोणी उच्चारले नाहीत. काँग्रेसची स्थापना अजून बारा वर्षे दूर होती.

प्रथम शहराकडे पाहू. १८६० पूर्वी मुंबई विहिरी आणि तलावांच्या पाण्यावर जगत होती. बहुतेक तलाव कोणा ना कोणा धनिकाने दानधर्म म्हणून बांधलेले. धोबीतलावाजवळचा फ्रामजी कावसजी तलाव हा त्यांतलाच एक. पाणी हे पुण्यकर्म होते, नगरसेवा नव्हे. पाऊस कमी झाला की पुण्य आटत असे. १८५० नंतरच्या दशकात टंचाई इतकी वाढली की शहराबाहेरून पाणी आणण्याची वेळ आली. शेवटी विहार येथे तलाव बांधून १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात आले. त्याबरोबरच एक नवी गोष्टही घराघरांत शिरली: पाण्याचे पैसे. दात्याच्या तलावावर तक्रार करता येत नाही. पैसे मोजलेल्या पाण्यावर येते.

मैल्याचेही तसेच. शौचकूप साफ करण्याचे काम हलालखोर करीत. हे काम करणाऱ्या दलित जातींतील लोकांना तेव्हा याच नावाने ओळखत. पूर्वी घरमालक आणि हलालखोर यांचा व्यवहार परस्पर चाले. पुढे नगरपालिकेने हे काम आपल्या हाती घेतले आणि घरमालकांवर हलालखोर कर बसवला. घरपट्टी होती, दिवाबत्तीचा कर होता, गाड्या-घोड्यांवर कर होता, शहरात येणाऱ्या काही जिनसांवर नगरशुल्क होते आणि पोलिसांसाठीही कर होता. पोलिस सरकारचे, हुकूम सरकारचा, खर्च मात्र शहराचा, हा या यादीतील सर्वांत चीड आणणारा भाग. त्यावरचा सरकार आणि शहर यांचा तंटा पुढे कित्येक दशके मिटला नाही.

कारभार पाहणारे कोण होते? १८५८ पासून तीन कमिशनर. तिघे मिळून काम पाहत, म्हणजे कोणत्याही एका कामाला कोणीही जबाबदार नसे. १८६५ च्या कायद्याने ही व्यवस्था मोडली. शहरातील ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींची एक सभा नगरपालिका म्हणून स्थापन झाली आणि सर्व कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या एकाच म्युनिसिपल कमिशनरकडे गेली. जस्टिस हे सरकारनियुक्त असत. युरोपीय व्यापारी व अधिकारी, पारशी शेटिये, काही हिंदू व मुसलमान प्रतिष्ठित असा तो मेळा होता. प्रतिष्ठा भरपूर, पण आपण कोणाचे प्रतिनिधी आहोत असे विचारले असते तर यांतील एकालाही उत्तर देता आले नसते.

पहिला कमिशनर झाला आर्थर क्रॉफर्ड. हा मनुष्य धडाडीचा होता आणि हिशेबाचा मुळीच नव्हता. त्याने रस्ते रुंद केले, त्यांवर पाणी मारण्याची सोय केली, कत्तलखाने शहरातून हलवून वांद्र्याला नेले, मोठी मंडई बांधण्याचे काम मार्गी लावले. आरोग्याधिकारी हेवलेट यांच्या साथीने त्याने घाणीविरुद्ध जी मोहीम उघडली, तिची गरज त्याच्या शत्रूंनाही मान्य होती. साथींनी पोखरलेल्या शहराला असा अधिकारी हवाच होता.

पण वेळ वाईट होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते, आणि त्या पैशावर शेअरांचा जुगार फोफावला होता. १८६५ च्या उन्हाळ्यात युद्ध संपले आणि जुलैत बाजार कोसळला. क्रॉफर्डची कारकीर्द आणि मुंबईचे दिवाळे यांचा प्रारंभ एकाच महिन्यात झाला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. पोटासाठी आलेली माणसे परत गेली, घरे रिकामी पडली, भाडी उतरली. मालकाच्या दृष्टीने घराचे उत्पन्न घटले होते, कर मात्र चढत होता. आणि कमिशनर मंजूर अंदाजपत्रकाच्या पलीकडे खर्च करीत सुटला होता.

इथून शेजाऱ्यांची कुरकुर चळवळीत बदलू लागली. ती कोणत्या वाटांनी गेली हे पाहण्यासारखे आहे. वर्तमानपत्रे होतीच: इंग्रजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘बॉम्बे गॅझेट’, गुजराती ‘रास्त गोफ्तार’, मराठी-इंग्रजी ‘इंदुप्रकाश’ आणि ‘नेटिव्ह ओपिनियन’. नगरपालिकेचा हिशेब हा एरवी कंटाळवाणा विषय. पण ज्याला स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागतात त्याला तो कादंबरीहून रंजक वाटतो. फोर्टातील इंग्रज व्यापारी आणि काळबादेवीचा गुजराती घरमालक एरवी एकमेकांच्या ओसरीवर पाय ठेवीत नसत. करवाढीने त्यांना एका सभागृहात आणले.

जस्टिसांच्या सभेत या बाजूचा म्होरक्या होता जेम्स फोर्ब्स हा युरोपीय व्यापारी. सोबतीला नवरोजी फर्दुनजी होते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकवलेले, बॉम्बे असोसिएशनच्या कामात वावरलेले आणि शहरातील सामान्य माणसाचे गाऱ्हाणे तोंडपाठ असलेले हे गृहस्थ. लोकांचा कैवारी अशी त्यांची ख्याती होती. १८७१ मध्ये फोर्ब्सने सभेपुढे मागणी मांडली की एकट्या कमिशनरचा कारभार पुरे झाला, कार्यकारी सत्ता नगर परिषदेच्या हाती द्या. टाऊन हॉलमध्ये यावर वाद झडले. क्रॉफर्डवर आरोपांचा पाऊस पडला आणि त्यांतील उधळपट्टीचा आरोप तरी खरा होता. त्याच वर्षी क्रॉफर्डने पद सोडले.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे: जुलमी अधिकारी, चिडलेली जनता, तिचे धाडसी पुढारी. पण आता सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर व्यासपीठावर येतो आणि सगळे चित्र बिघडवतो.

त्याचे नाव फिरोजशहा मेहता. विलायतेहून परतून त्याला तीन वर्षे झाली होती. नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने नगरसुधारणेच्या प्रश्नावर निबंध वाचला. सभागृह कमिशनरपदावर संतापलेल्यांचे होते आणि हा तरुण त्याच पदाची बाजू घेत होता. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. अनेकांच्या समितीने गटारे साफ होत नाहीत. समितीत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे तीन कमिशनरांच्या काळात मुंबईने भोगले आहे. काम करायला एकच जबाबदार माणूस हवा. दोष त्या माणसाच्या अधिकारात नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारी सभा कोणालाच जबाबदार नाही, दोष तिथे आहे. सरकारने नेमलेले जस्टिस त्याला काय जाब विचारणार? तेव्हा कमिशनर राहू द्या, त्याच्या हिशेबावर कडक नियंत्रण ठेवा आणि त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा.

श्रोत्यांना हे रुचले नाही. ज्या सभागृहात क्रॉफर्डचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडत, तिथे त्याच्या पदाचे समर्थन म्हणजे फितुरीच वाटली असणार. पण दोन मागण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. फोर्ब्स सत्ता एका हातातून काढून परिषदेच्या हाती द्यायला निघाला होता. मेहता ती त्याच हातात ठेवून तिच्यावरचा पहारा बदलायला सांगत होता. संतप्त सभेला पहिली मागणी अधिक धाडसी वाटते, कारण तीत कोणाला तरी पदावरून हाकलण्याचे समाधान आहे. प्रत्यक्षात दुसरी अधिक मूलगामी होती. मुंबईच्या माणसाला आपला कारभारी निवडण्याची अक्कल आहे, हे ती गृहीत धरत होती, आणि १८७१ मध्ये हे गृहीत धरणे साधे नव्हते. नेटिवांना निवडणूक पेलणार नाही, ते जातीपातीवर मते देतील, ही शंका सरकारी दफ्तरांत आणि इंग्रजी क्लबांत सारखीच प्रचलित होती.

१८७२ चा तिसरा कायदा आला तेव्हा त्याची चौकट बरीचशी त्या निबंधातल्यासारखी निघाली. कमिशनर राहिला. महानगरपालिकेत ६४ सभासद झाले. निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे. खर्चावर देखरेख ठेवायला बारा जणांची नगर परिषद आली. १८७३ मध्ये निवडणूक झाली आणि मुंबईतील करदात्यांनी प्रथमच आपले प्रतिनिधी निवडून पाठवले. फर्दुनजी आणि मेहता दोघेही या नव्या सभेत बसले. मेहता पुढे १९१५ मध्ये निधन होईपर्यंत या शहराच्या कारभारावर असा काही पगडा ठेवून होता की विरोधक त्यालाच मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणू लागले.

करदाते म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र इथे विचारलाच पाहिजे. वर्षाला किमान पन्नास रुपये नगरकर भरणाऱ्यालाच मत होते. त्या काळी गिरणीत राबणाऱ्या मजुराला महिन्याकाठी मिळणारी रक्कम पाहता पन्नास रुपये ही त्याच्या कित्येक महिन्यांची कमाई होती, आणि ती करापोटी भरायची तर आधी घराची मालकी हवी. साडेसहा लाखांच्या शहरात मताचा अधिकार काही हजारांच्या पलीकडे गेला नाही. खोली भाड्याने घेऊन राहणारा कोकणी मजूर कर भरतच होता. तो भाड्यात मिसळून मालकाच्या हातून जात होता, एवढेच. कायद्याच्या लेखी तो करदाता नव्हता.

ज्याच्या नावाने एक कर उभा होता, त्या हलालखोराचे तर नावही या वादात निराळ्या अर्थाने आले. वृत्तपत्रांतील मजकुरात तो दिसतो तो कराचे विशेषण म्हणून, नाहीतर कामचुकारपणाची तक्रार म्हणून. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसाला आपल्या कामाबद्दल काय म्हणायचे आहे, हे विचारण्याचे त्या सभागृहात कोणाला सुचले नाही. त्याने आपले म्हणणे पुढे दुसऱ्या भाषेत ऐकवले: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या हलालखोरांनी एकाहून अधिक वेळा काम बंद ठेवले. संप झाला की दोन दिवसांत शहराला त्यांचे अस्तित्व जाणवत असे.

म्हणून १८७३ च्या निवडणुकीला लोकशाहीचा विजय म्हणणे जास्तीचे होईल, आणि धनिकांचा खेळ म्हणून झटकणे हाही आळस आहे. घरमालकांनी स्वतःपुरते मागितलेले तत्त्व असे होते की जो पैसा देतो त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. एकदा हे मान्य झाले की पन्नास रुपये आणि पाच रुपये यांतील फरक तत्त्वाचा राहत नाही, घासाघिशीचा होतो. पुढच्या पिढ्यांनी ती घासाघीस केली आणि मताची अट पायरीपायरीने खाली आणली.

क्रॉफर्डचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. तो कोकण आणि पुणे भागांत मोठ्या पदांवर गेला. १८८८ मध्ये मामलेदारांकडून बदल्या-बढत्यांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपांवरून त्याची चौकशी झाली. लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. ज्या मामलेदारांनी साक्ष दिली तेच अडचणीत आले, तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. मुंबईच्या करदात्यांना या बातमीचे फारसे आश्चर्य वाटले नसावे.

त्याच्या नावाची मंडई पुढे महात्मा फुले मंडई झाली. पुण्याच्या मंडईलाही आज त्यांचेच नाव आहे. गंमत अशी की जोतीराव स्वतः १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्याला त्यांनी विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि दगडी मंडईला आहे, हा त्यांचा सवाल होता. करदात्याने विचारायचा प्रश्न त्यांनी कर न भरू शकणाऱ्यांच्या वतीने विचारला.

१८७२ च्या कायद्याची जागा १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने घेतली. त्याच्या घडणीतही मेहतांचा मोठा वाटा होता. अनेक दुरुस्त्यांसह तो आजही लागू आहे. आयुक्त अजूनही सरकारच नेमते, कार्यकारी सत्ता अजूनही त्याच्याच हाती असते, आणि त्याला जाब विचारायला लोकनियुक्त सभागृह असते. मार्च २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि पुढची काही वर्षे आयुक्तच प्रशासक म्हणून दोन्ही खुर्च्यांवर बसला. मंजुरी मागणारा तोच आणि मंजुरी देणाराही तोच. मुख्यालयाबाहेर फिरोजशहा मेहतांचा पुतळा या काळातही आपल्या जागी उभा होता.