शेजाऱ्याची संमती आणि शेजाऱ्याला सूचना

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत ‘हरकती व सूचना’ मागवणारी जाहीर नोटीस आपण सर्वांनी पाहिलेली असते; वाचलेली मात्र क्वचितच. बांधकाम वा जमीनवापर बदलण्यापूर्वी शेजाऱ्यांना कळवावे, या रीतीच्या अमेरिकी इतिहासात धोब्यांच्या दुकानांना मोठे स्थान आहे. आजचा धागा त्याविषयी.

सॅन फ्रान्सिस्को, १८८२. शहराच्या ठरावीक भागात लॉन्ड्री चालवायची, तर पर्यवेक्षक मंडळाची अनुमती हवी. आणि ती मिळण्यासाठी त्याच ब्लॉकमधील किमान बारा करदात्या नागरिकांची शिफारस हवी, असा नियम होता. यातील ‘नागरिक’ हा शब्द निसटू देऊ नका. चीनहून आलेल्या माणसाला त्या काळी अमेरिकेचे नागरिकत्वच मिळत नसे. म्हणजे शेजारी दहा चिनी कुटुंबे राहत असली, तरी त्यांच्या शब्दाची किंमत शून्य. क्वाँग वू याच्या खटल्यात न्या. स्टीफन फील्ड यांनी हा नियम अवैध ठरवला. जो व्यवसाय मुळात उपद्रवकारक नाही, तो शेजाऱ्यांच्या मर्जीवर सोपवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा नियम त्याआधीचा, १८८०चा. लाकडी इमारतीतील लॉन्ड्रीला मंडळाची परवानगी आवश्यक. कारण आगीचे, वरकरणी अगदी रास्त. पण शहरातील सुमारे ३२० लॉन्ड्रींपैकी ३१० लाकडी होत्या आणि सुमारे २४० चिनी लोकांच्या. दोनशेहून अधिक चिनी अर्ज फेटाळले गेले. चिनी नसलेल्या ऐंशीएक अर्जदारांना, एक अपवाद वगळता, परवानगी मिळाली. ‘यिक वो’ ही लॉन्ड्री त्याच जागेत बावीस वर्षे चालू होती, अग्निसुरक्षेची आणि आरोग्याची प्रमाणपत्रेही तिच्याकडे होती. तरी तिचा मालक तुरुंगात गेला. १० मे १८८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची सुटका केली. चौदाव्या घटनादुरुस्तीचे समान संरक्षण केवळ नागरिकांना नव्हे, प्रत्येक व्यक्तीला आहे, हे या निकालाने ठरले. (खटला दुकानाच्या नावाने अजरामर झाला, मालकाचे नाव ली यिक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.)

शेजाऱ्यांच्या संमतीची कल्पना मात्र एवढ्याने संपली नाही. १९१७ साली शिकागोतील जाहिरात-फलकांच्या खटल्यात न्यायालयाने तीच कल्पना मान्यही केली. माझ्या मते येथे न्यायालयाची भूमिका पुरेशी सुसंगत नाही.

याच सुमारास वेगळी वाट तयार होत होती. अमेरिकी वाणिज्य खात्याने १९२६ साली अंतिम केलेल्या नमुना झोनिंग कायद्यात वृत्तपत्रातून किमान पंधरा दिवस आधी सूचना आणि मग जाहीर सुनावणी सांगितली. त्यातही एक मेख होती : लगतच्या जमिनीच्या वीस टक्के क्षेत्राच्या मालकांनी विरोध नोंदवला, तर बदलासाठी तीन चतुर्थांश मते लागत.

आणि १९२८ साली सिअ‍ॅटलचे प्रकरण आले. गरीब वृद्धांसाठी निवासगृह बांधायचे होते. चारशे फुटांच्या आतील दोन तृतीयांश मालमत्तेच्या मालकांची लेखी संमती नव्हती, म्हणून परवाना नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. शेजारी स्वार्थापोटी किंवा लहरीखातरही संमती नाकारू शकतात आणि त्यांच्या नकाराची फेरतपासणी कोणीच करत नाही, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता.

आज अनेक अमेरिकी शहरांत अशाच ठरावीक अंतरातील मालकांना टपालाने नोटीस जाते. त्यांनी सुनावणीला येऊन बोलायचे असते, निर्णय मंडळाचा.