मुहर्रकच्या मोत्यांची खातेवही

बहरीनच्या मुहर्रक बेटावरील जुन्या वस्तीत दुपारच्या उन्हातून हिंडताना प्रथम जाणवतो तो तेथील घरांचा अबोलपणा: रस्त्याच्या बाजूला उघड्याबोडक्या भिंती आणि आत, चौकाभोवती, प्रवाळी दगडावरच्या गिलाव्यात कोरलेली नाजूक नक्षी. सियादी नामक मोती-व्यापाऱ्यांच्या वाड्यात मी बराच वेळ रेंगाळलो. ती नक्षी पाहत असता, ज्या संपत्तीच्या बळावर हा वाडा उभा राहिला ती समुद्राने दिली की समुद्रात उतरणाऱ्यांच्या कर्जाने, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. २०१२ साली युनेस्कोने येथील सतरा वास्तू, बू माहिरचा किल्ला, किनाऱ्याचा एक भाग आणि समुद्रातील शिंपल्यांची तीन क्षेत्रे जागतिक वारशाच्या यादीत दाखल केली. तो गौरव न्याय्यच होता, परंतु या धंद्याचे मर्म मला वास्तूंपेक्षा खातेवहीत अधिक दिसते.

मोठा हंगाम जूनच्या सुमारास सुरू होई आणि सप्टेंबरअखेर संपे. तोवर मुक्काम गलबतावरच. नाकावर शिंगाचा चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या आणि गळ्यात जाळीची टोपली अशा सरंजामाने पाणबुड्या पायाला अडकवलेल्या दगडाच्या भारासरशी तळ गाठी. वर त्याचा जोडीदार, ज्याला तेथे ‘सैब’ म्हणत, दोरावर हात ठेवून बसलेला असे, आणि खालून हिसका बसताच त्याला ओढून घेई. एक-दीड मिनिटाची ही बुडी, आणि दिवसभरात अशा कित्येक. दिवसा पोटात खजूर व कॉफी एवढेच, कारण भरल्या पोटी दम टिकत नाही. भात आणि मासळी मिळे ती सूर्यास्तानंतर. पिण्याच्या पाण्याची गोष्ट मात्र नवलाची आहे. बहरीनच्या भोवती समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत, आणि पाणबुडे कातडी पखाली घेऊन खाली जात व खाऱ्या पाण्याच्या पोटातून गोडे पाणी भरून आणीत.

शिंपले त्याच दिवशी फोडीत नसत. सर्वांची मिळकत एका ढिगात पडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखव्याच्या नजरेखाली फोडणी होई. त्यामुळे अमुक मोती अमक्याच्या टोपलीतला, असा हक्क कोणालाही सांगता येत नसे. गलबताचा हिस्सा व शिध्याचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून पाणबुड्याला साधारणतः तीन वाटे आणि सैबाला दोन वाटे मिळत. कागदावर ही वाटणी वाईट नव्हती. परंतु पाणबुड्याच्या हाती ती क्वचितच पडे. कारण हंगामापूर्वी घरखर्चासाठी त्याने नाखव्याकडून उचल घेतलेली असे, हिवाळ्यात पुन्हा घेतलेली असे, नाखवा व्यापाऱ्याचा देणेकरी असे, आणि हिशेब लिहिणारा नाखवा तर बहुधा वाचता न येणारा पाणबुड्या. बाप मेला की बाकी मुलाच्या नावे चढे, आणि बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या गलबतावर जाण्याची मोकळीक नसे.

या साखळीचे दुसरे टोक मुंबईत होते. तेथील बाजारात मोती पारखले, विंधले आणि ओवले जात व पुढे पॅरिस-लंडनला रवाना होत. आपल्या घरांतील नथींत जे ‘बसरा मोती’ पिढ्यान्‌पिढ्या मिरवत आले, त्यांचा बसऱ्याशी संबंध पेठेपुरता, जन्म मात्र याच आखाताच्या तळाशी. बहरीनची राजधानी मनामा येथे सिंधमधील ठठ्ठ्याच्या भाटिया व्यापाऱ्यांनी बांधलेले श्रीनाथजींचे मंदिर दोनशे वर्षांहून जुने आहे, आणि आखाती बंदरांतील चलन दीर्घकाळ आपला रुपयाच होता. १९१२ साली जवाहिऱ्या झाक कार्तिए स्वतः बहरीनला आला, त्यामागेही मुंबईचा हा मध्यस्थ टाळण्याची इच्छा असावी, असा माझा तर्क आहे.

१९२० नंतर तेथील दरबाराने, ब्रिटिशांच्या आग्रहाने, या व्यवहाराला कायद्याची शिस्त लावली: प्रत्येक पाणबुड्यापाशी त्याची स्वतःची हिशेबाची वही असावी आणि उचलीवर मर्यादा असावी. हे वाचताना १८७५ साली सुपे येथे उसळलेला सावकारांविरुद्धचा दंगा आणि त्यानंतरचा १८७९ चा शेतकरी कायदा मराठी माणसाला आठवल्यावाचून राहत नाही. पण साम्य येथेच संपते. आपल्या रयतेने कर्जरोखे जाळले. मुहर्रकचे पाणबुडे १९३२ साली मनाम्यावर चालून आले ते उचल कमी केली म्हणून, आणि आपल्या अटकेतील पुढाऱ्याला सोडवण्यासाठी. ज्याच्या चुलीला वर्षभर उचलीचाच आधार, त्याला सुधारणा ही उपासमारीची नोटीस वाटली, यात त्याचे अज्ञान शोधणाऱ्यांनी थोडे आपल्या शहाणपणाकडेही पाहावे.

तोवर बाजारही बसला होता. मिकिमोतो व त्याच्या अनुयायांनी जपानात शिंपल्यात मोती पिकवण्याची विद्या सिद्ध केली होती, आणि १९२९ नंतरच्या मंदीने पाश्चात्त्य श्रीमंतांच्या तिजोऱ्या आवळल्या होत्या. त्याच १९३२ सालच्या उन्हाळ्यात जबल दुखानच्या विहिरीला तेल लागले. बहरीनच्या इतिहासात मोत्याचा अस्त शोकपर्वासारखा सांगण्याची रीत आहे, आणि व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो शोक खराही होता. पण विहिरीवरच्या कामात, ते कितीही कष्टाचे असले तरी, केलेल्या कामाची मजुरी रोख हाती पडे आणि बापाच्या नावची बाकी कोणी विचारीत नसे. पुढच्या हंगामांत नाखव्यांना गलबतावर माणसे मिळेनाशी झाली, ती केवळ मोत्याला भाव उरला नव्हता म्हणून नव्हे.