फडाचा अंदाज

कोणतेंहि मोठें काम हातीं घेतांना दोन प्रश्न उभे राहतात. अनेक कामांपैकीं आधीं कोणतें करावयाचें, हा पहिला. आणि जें करावयाचें त्यास किती काळ व किती द्रव्य लागेल, हा दुसरा. हे प्रश्न घरांतील लग्नकार्याइतके जुने आहेत. परंतु कारभार जसजसा मोठा होतो, तसतशीं त्यांचीं उत्तरें देणारीं माणसें कामाच्या जागेपासून दूर जातात, आणि उत्तरें चुकूं लागतात. हल्लीं पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांतून या दुखण्यावर ‘अजाइल’ नांवाची एक कार्यपद्धति योजिली जात आहे. माझा एक भाचा अशाच एका कंपनींत संगणकाच्या आज्ञावली लिहितो. गेल्या दिवाळींत तो एरंडोलीं आला असतां त्यानें ती पद्धति मला समजावून सांगितली. ऐकतां ऐकतां मला आमच्या खानदेशांतील फडांची आठवण झाली. आज त्या फडांपासूनच आरंभ करतों.

आजच्या धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर, आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यांत मोसम व आरम या नद्यांवर, जुने दगडी बंधारे आहेत. त्यांवरील पाटबंधाऱ्यांची रीत तीनचारशें वर्षांची समजली जाते. बंधाऱ्यामागें पाण्याचा मोठा सांठा नसतो. वाहती नदी अडवून तिचें पाणी पाटांत वळवावयाचें, एवढाच त्याचा उपयोग. पाटाखालील जमिनीचे बहुधा चार भाग पाडलेले असतात, तेच फड. एका फडांत त्या वर्षीं एकाच प्रकारचें पीक. एकांत उंसासारखें बारमाही पीक, इतरांत हंगामी पिकें, आणि पुढें फेरपालट. एकेका शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. पाणी देण्याचें काम गांवानें नेमलेले पाटकरी करतात. शेतकऱ्यानें स्वतः पाटास हात लावावयाचा नाहीं.

यांतील मर्म असें कीं, कोणत्या फडास कोणत्या पिकासाठीं पाणी द्यावयाचें, हें शेतकरी एकत्र बसून दर वर्षीं नव्यानें ठरवितात, आणि तें नदीकडे पाहून ठरवितात. पाऊस तोकडा झाला तर भिजावयाचें क्षेत्र कमी करतात. सर्वच फडांस अर्धें अर्धें पाणी देऊन सर्वच पिकें वाळवीत नाहींत. यंदा कोणता फड कोरडा राहणार, तें सर्वांसमक्ष बोललें जातें. जमीन विखुरलेली असल्यामुळें तोटा एकट्यादुकट्यावर पडत नाहीं. म्हणूनच ती कटु गोष्ट बोलणें शक्य होतें. अग्रक्रम लावणें म्हणजे नुसती आवडीच्या कामांची यादी करणें नव्हे. यंदा काय करावयाचें नाहीं, तें उघडपणें सांगणें होय.

याच पांझरेच्या कांठीं एका थोर पुरुषाच्या उमेदवारीचा प्रसंग घडला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून इंजिनियरीची परीक्षा पहिल्या क्रमांकानें उतरून सन १८८४ मध्यें मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत दाखल झाले. आरंभींच त्यांस खानदेशांत यावें लागलें. धुळ्याच्या पश्चिमेस सुमारें पस्तीस मैलांवर दातर्ती गांव आहे. तेथें नळांचा सायफन बसविण्याचें काम त्यांजकडे सोंपविण्यांत आलें. पावसाळा लागला, पुराच्या गाळानें केलेलें काम बुजूं लागलें, तेव्हां पाऊस सरेपर्यंत काम थांबवावें असें त्यांनीं वरिष्ठांस लिहिलें. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. नव्या मनुष्यानें आज्ञेप्रमाणें चालावें, अशा अर्थाची समज मिळाली. विश्वेश्वरय्यांनीं आपली सूचना मागें घेतली, आणि पावसाशीं झगडत काम पुरें केलें.

ही गोष्ट मीं वर्गांत अनेक वर्षें सांगितली, आणि दर वेळीं ‘चिकाटी’ हेंच तिचें तात्पर्य म्हणून फळ्यावर लिहिलें. आज वाटतें, तात्पर्य अर्धेंच सांगितलें. विश्वेश्वरय्या पार पडले हें त्यांच्या कर्तबगारीचें फळ; परंतु नदीकांठीं उभ्या असलेल्या मनुष्यानें पाण्याची खरी बातमी कळविली असतां कचेरीनें तिला अवज्ञा मानलें, हेंहि त्याच गोष्टींत आहे. प्रत्येक गांवीं विश्वेश्वरय्या नसतो. सामान्य मनुष्य अशी एक कानउघाडणी झाल्यावर पुन्हां खरा अंदाज कळवीत नाहीं; वरिष्ठांस जो आवडेल तो कळवितो. मींहि, ‘एवढीं गणितें उद्यांपर्यंत होणार नाहींत’ म्हणणाऱ्या मुलास कैक वेळां आळशी ठरविलें आहे. तो दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या वहींतून उतरवून आणी, आणि मी समाधान पावें.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विश्वेश्वरय्या पुण्याकडे कार्यकारी इंजिनियर झाले, आणि त्यांनीं नीरा कालव्यासाठीं ब्लॉक पद्धति सुचविली. जमिनीचे गट पाडावयाचे, गटाच्या एका भागांतच ऊंस, बाकीच्यांत कमी पाण्याचीं पिकें, आणि फेरपालट. फडाशीं तिचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत यावें असें आहे.

आतां याच्या उलट बाजूचें उदाहरण पाहूं, आणि तेंहि खानदेशांतीलच. आमच्याजवळच्या अमळनेर तालुक्यांत पाडळसें येथें तापीवर निम्न तापी प्रकल्प आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याचा मूळ अंदाज सुमारें १४२ कोटि रुपयांचा होता. सन २०२३ मध्यें सरकारनें पांचव्यांदा सुधारलेला अंदाज मान्य केला, तो ४,८९० कोटींवर गेला होता. एवढ्या काळांत एक पिढी म्हातारी झाली. राज्यभर अशीं अनेक कामें रेंगाळलीं, आणि २०१२ सालीं सरकारास सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. भाववाढ, भूसंपादन, आराखड्यांतील बदल, हीं कारणें खरींच आहेत. परंतु फडाच्या न्यायानें पाहिल्यास आणखी एक दिसतें: थोडें पाणी आणि पुष्कळ फड. तुटपुंजा पैसा अनेक कामांवर शिंपडला, म्हणजे एकहि काम वेळेवर भिजत नाहीं. कोणता फड कोरडा राहील, तें मात्र येथें कोणीं बोलून दाखविलें नाहीं.

संगणकाच्या धंद्यांतहि हीच व्यथा होती. सगळा आराखडा आधीं आंखावयाचा, दोन वर्षांनंतरची तारीख लिहून द्यावयाची, आणि शेवटीं पाहावें तों गरजच बदललेली. सन २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें सतरा जण जमले, आणि त्यांनीं या पद्धतीचीं तत्त्वें एका लहानशा जाहीरनाम्यांत मांडलीं. तिचा सारांश भाच्याच्या बोलण्यांतून मला कळला तो असा: कामाचे लहान तुकडे पाडावे, सर्वांत उपयोगी तुकडा आधीं घ्यावा, पंधरा दिवसांनीं झालेलें काम गिऱ्हाइकास दाखवावें, प्रत्यक्ष किती झालें यावरून पुढचा अंदाज बांधावा, आणि तो अंदाज काम करणाऱ्यांनींच बांधावा.

मीं विचारलें, “मग तुमच्याकडे सगळें सुरळीत झालें असेल?” तो हसला. म्हणाला, “मामा, बैठका पंधरा दिवसांच्या झाल्या, नांवें नवीं आलीं, पण शेवटची तारीख अजून वरूनच ठरून येते. उशीर होईल असें म्हटलें, कीं साहेबांचा चेहरा उतरतो. मग आम्ही तुकड्यांचे आंकडे त्या तारखेस जुळवून घेतों.”

श्रोते हो, दातर्तीस सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं जें घडलें, तेंच हें. मोठ्या संस्थेचें परिवर्तन नवीं नांवें आणल्यानें होत नाहीं. ज्याला पाणी दिसतें त्याच्या अंदाजास मान, तो अंदाज बदलण्याची मुभा, आणि कोणता फड यंदा कोरडा, हें मोठ्यानें बोलण्याचें धैर्य, या तीन गोष्टी आल्या तरच तें खरें. फडावरील शेतकऱ्यांस हें साधलें, कारण चुकलेल्या अंदाजाची झळ ठरविणाऱ्यालाच लागत होती. आपल्या कचेऱ्यांत अंदाज एक जण करतो, आणि झळ दुसऱ्यास लागते. हें अंतर जितकें कमी करतां येईल, तितका आपला अंदाज खरा होईल.

भाचा निघाला तेव्हां मीं त्यास एकच सांगितलें: पुढल्या बैठकींत खरा आंकडा बोल. वर्गांतल्या मुलांस जें सांगावयास हवें होतें, तें निदान त्यास तरी सांगितलें.