पायांवरची सूज कोण ओळखणार? जामखेडच्या आरोग्यसेविकांचा इतिहास

गरोदर स्त्रीचे पाय संध्याकाळी सुजणे ही नित्याची गोष्ट. दिवसभर उभ्याने काम केले की सूज चढते आणि पाय उंचावर ठेवून पडले की उतरते. परंतु तीच सूज हातांवर व चेहऱ्यावर आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती झटक्यांची पूर्वसूचना असू शकते. झटक्यांत आई व बाळ दोघेही दगावू शकतात. साधी कुरबुर कोणती आणि धोक्याची खूण कोणती, हा भेद कोणी करायचा? अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्याने १९७० नंतर या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याविषयी हा थ्रेड.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले दांपत्य. १९६०च्या दशकात त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे येणारे बहुसंख्य आजार मुळातच टाळता येण्याजोगे होते. बरा झालेला रुग्ण त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जाई आणि काही महिन्यांनी पुन्हा दाराशी उभा राही. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले व १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

तालुका अवर्षणाचा. बहुतेक बाळंतपणे घरीच, सुईणीच्या किंवा एखाद्या अनुभवी बाईच्या हातून होत. ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा एक समजूत खोल रुजलेली होती: गरोदरपणी पोटभर खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण अडते, म्हणून सुनेने बेताने खावे. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचे ताट सजवणाऱ्या समाजात रोजचे ताट मात्र अर्धे राही. या समजुतीला अडाणीपणा म्हणून झटकणे सोपे आहे, न्याय्य नाही. जेथे अडलेल्या बाईला बैलगाडीतून दूरच्या रुग्णालयात न्यावे लागे, तेथे मोठ्या बाळाची भीती निराधार नव्हती. उपाय चुकीचा होता. अर्धपोटी आईच्या अंगात रक्त कमी आणि पोटी जन्मणारे बाळ कमी वजनाचे, हे दुष्टचक्र त्यातून फिरत राही.

आरोळे दांपत्याचा पहिला प्रयत्न प्रशिक्षित परिचारिका गावोगावी नेमण्याचा होता. तो फसला. बाहेरून आलेल्या तरुण मुलीला गावात एकटीने राहणे अवघड जाई आणि गावही तिचे ऐकत नसे. तेव्हा गावातलीच एखादी बाई शिकवावी, ही कल्पना पुढे आली. गावांनी निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या नियमित जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून तेच इतर बायकांना सांगत.

त्यांच्या शिक्षणाची ताकद नेमकेपणात होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायची. ती फिकी दिसली तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळी सोडायची नाही. सकाळी मळमळत असेल तर उपाशी न राहता कोरडा घास खायचा, मग दिवसभर थोडे थोडे. पोट साफ होत नसेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवायची. धनुर्वाताची लस चुकवायची नाही. नाळ कापायचे पाते उकळलेले हवे. रक्तस्राव, झटके, आडवे मूल यांपैकी काहीही आढळले तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. यातले बहुतेक काही वैद्यकशास्त्राला नवीन नव्हते. नवीन होती ती सांगणारी व्यक्ती. सुनेने किती खावे हे सासू ठरवी, आणि त्या सासूशी तिच्याच ओट्यावर बसून बोलू शकणारी बाई गावचीच असावी लागे.

जातीचा अडसर येथे थेट होता. ज्या घराच्या उंबऱ्याआत दलित स्त्रीला प्रवेश नव्हता, त्याच घरच्या बाळंतिणीला तिचा हात हवा होता. हा उंबरा एका दिवसात ओलांडला गेला नाही, पण अडलेल्या रात्री तो पुष्कळ झिजला.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली हा आकडा ५२वर आला. प्रसूतिपूर्व तपासणी होणाऱ्या गरोदर स्त्रियांचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून सुमारे ८० टक्क्यांवर गेले. हे आकडे संस्थेने स्वतः ठेवलेले आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. शिवाय याच काळात १९७२चा भीषण दुष्काळ झाला. पाण्याची सोय आणि पोषण आहार ही कामेही प्रकल्पाने हाती घेतली होती. त्यामुळे श्रेय एकट्या आरोग्यसेविकांच्या पदरात घालणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांना वगळणे त्याहूनही कमी.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ची अल्मा-आता परिषद अशाच उदाहरणांच्या पार्श्वभूमीवर भरली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत केलेले भाषण आजही सांगितले जाते. सभागृहातील झळाळती झुंबरे महाग आणि हाताबाहेरची. आपण मात्र साध्या दिव्यासारख्या, एकावरून दुसरा लावता येणाऱ्या, असे त्यांनी ज्योत दाखवून मांडले.

देशभर ‘आशा’ योजना आली ती २००५ साली. तिच्या मागे उभ्या असलेल्या अनुभवांत जामखेडचे नाव घेतले जाते. आता बाळंतपणे बहुतांशी रुग्णालयात होतात आणि तपासणीची नोंद गरोदर मातेच्या कार्डावर असते.

पण दिवाळीच्या आसपास जामखेड, पाथर्डी, शेवगाव भागांतून ऊसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या श्रमावर असते, म्हणून गरोदर असली तरी बाई जाते. पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून वाहते, रात्री कोपीत चूल पेटवते. तिला ओळखणारी आशाताई मागे गावात राहते. परक्या तालुक्यातल्या त्या कोपीत संध्याकाळी तिचे पाय सुजलेले असतात.