केप क्रोझियर, 20 जुलै 1911

तंबूबाहेर पडताच मान वर करून आकाश बघू नका. अ‍ॅप्सली चेरी-गॅरर्डने ते केलं आणि अंगावरचे कपडे तसेच गोठले. पुढचे चार तास त्याने मान वर ठेवूनच स्लेज ओढली. तेव्हा आधी ओढायच्या पवित्र्यात वाका, मग कपडे कडक होऊ द्या.

तुम्ही अंटार्क्टिकातल्या रॉस बेटाच्या पूर्व टोकाला आहात. स्कॉटच्या मोहिमेतले एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि चेरी केप इव्हान्सहून 27 जूनला निघाले. शंभरेक किलोमीटर यायला 19 दिवस लागले. वाटेत तापमान उणे 60 अंशांच्याही खाली गेलं. सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत यायचं कारण एकच: एम्परर पेंग्विन अंडी उबवतात ते याच दिवसांत. विल्सनला अंड्यातले गर्भ हवेत. खवल्यांतून पिसं कशी आली, ते त्यांत दिसेल अशी त्याला आशा आहे.

भर दुपार म्हणजे नुसता संधिप्रकाश. कड्याखालच्या बर्फात माणूस जेमतेम मावेल असं भोक आहे, त्यातून सरपटत जा. शेवटची बर्फाची भिंत दोरावरून उतरायची; चेरी दोर सांभाळायला वरच थांबलाय.

गोठलेल्या समुद्रावर शंभरेक पक्षी कलकलाट करतायत. यांतले अंडी उबवणारे सगळे नर. माद्या अंडी घालून समुद्राकडे गेल्या. तेव्हापासून हे उपाशी उभे आहेत. घरटं नाही. अंडं पायांवर, वरून पोटाच्या कातडीची घडी. आता नीट बघा. बॉवर्स एका पक्ष्याचं अंडं उचलतो, तर हातात येतो बर्फाचा मळकट गोळा! खुडूक बसलेली कोंबडी अंडी काढून घेतली तरी उठत नाही. तोच हट्ट इथे बर्फावर चाललाय. दुसरा एक पक्षी असाच गोळा पोटाखाली ओढून घेतो. पुढ्यात खरं अंडं येताच मात्र गोळा टाकून तेच जवळ करतो.

गर्भांवरचा अहवाल 1934 साली निघाला आणि त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. मला विचाराल तर इतक्या हालांचं मोल त्या बर्फाच्या गोळ्यातच वसूल झालं.

उजेड सरतोय. पाच अंडी फरच्या हातमोज्यांत ठेवून हातमोजे गळ्यात अडकवलेत. तेल संपत आलंय, म्हणून चरबीसाठी तीन पक्षी मारून सोललेत. तेही बघा, नजर वळवू नका. चेरीला लांबचं दिसत नाही आणि चष्म्यावर बर्फ धरतो, म्हणून तो चष्म्याविनाच चालतोय. परतताना तो पुन्हा पुन्हा आपटतो. त्याच्याकडची दोन्ही अंडी फुटतात. उरली तीन.

परवा वादळ येईल. तंबू उडेल, तिघांनी इथे रचलेल्या दगडी झोपडीचं कॅनव्हासचं छप्पर फाटेल. तुम्ही आजच निघा. चौथ्या माणसाला पुरेल इतकं त्यांच्याकडे काहीच नाही.