उजेडाला लावलेला पडदा

घरांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मग्रामात फिरताना भिंतीवरच्या आणि कपाटातल्या छायाचित्रांकडे आमचे लक्ष हमखास जाते. पणजोबा-पणजींचे चित्र बहुधा एखाद्या जुन्या स्टुडिओत काढलेले असते. मागे रंगवलेला कापडी देखावा, पुढे कोरीव खुर्ची, आणि चेहऱ्यावर एका बाजूने आलेला असा काही उजेड की गालावरून तो सावलीत केव्हा विरघळला हे कळूच नये. त्याच घरातला १९७०-८० च्या सुमाराचा लग्नाचा आल्बम उघडावा, तर कपाळे चकाकलेली, डोळ्यांत तांबडे ठिपके, आणि नवरा-नवरीच्या पाठीमागे भिंतीवर काळीकुट्ट, कात्रीने कापावी तशी सावली. घराणे तेच, चेहऱ्याची ठेवणही तीच. मग उजेड एवढा का बिघडला? आणि अलीकडच्या आल्बममध्ये तो पुन्हा मवाळ का झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दीडशे वर्षांहून मोठा इतिहास हाती लागतो. तो एका वाक्यात सांगायचा तर असा : माणसाने मोठ्या खिडकीचा उजेड सोडून पिशवीत मावणारी वीज मिळवली, आणि पुढे त्या विजेची पुन्हा खिडकी करण्यात कित्येक पिढ्या खर्ची घातल्या.

यामागचे शास्त्र साधे आहे. उजेड मवाळ की कठोर, हे दिव्याच्या शक्तीवर ठरत नाही. ज्याच्यावर उजेड पडतो त्याला तो दिवा किती मोठा दिसतो यावर ठरते. सूर्य प्रचंड खरा, पण इतका दूर की आकाशात तो एका लहान चकतीएवढाच दिसतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारची सावली धारदार पडते. आषाढात आभाळ भरून आले की तोच प्रकाश ढगांवर पसरतो, सारे आकाशच दिवा होते आणि अंगणातली सावली नाहीशी होते. जुन्या स्टुडिओंना हे ठाऊक होते. उत्तरेकडे तोंड केलेल्या काचेच्या भिंती, काचेचे छत आणि त्यांवर सरकणारे पडदे ही त्यांची सारी सामग्री. पणजीच्या गालावरचा उजेड अशाच एखाद्या मोठ्या खिडकीतून आलेला होता.

मात्र ही खिडकी उचलून नेता येत नव्हती. पॅरिसचा प्रख्यात छायाचित्रकार नादार याने १८६० च्या आसपास विजेच्या दिव्याने माणसांची चित्रे काढायला आरंभ केला. पन्नास बुन्सेन घटांच्या शक्तीवर चालणारा त्याचा दिवा प्रखर होता. पण चेहऱ्यावर पांढरे-काळे डाग पाडणारा होता. नादारने उपाय शोधले. त्याने मध्ये दुधी काच धरून पाहिली, पांढऱ्या जाड कापडाचे पडदे बाजूला उभे केले, आरसे फिरवून सावलीत उजेड पोचवला. आज छायाचित्रकाराच्या पिशवीत जे जे असते, त्यातील बरेचसे बीजरूपाने तेथे होते. पुढे पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहांत दिवा घेऊन तो उतरला, तेव्हा एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. जिवंत मजूर तेवढा वेळ निश्चल राहणार नाही, म्हणून त्याने मजुरांच्या जागी पुतळे उभे केले. दिवा अंधारात पोचला होता, परंतु माणसापर्यंत पोचला नव्हता.

तो पोचला १८८७ साली. जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण सिद्ध केले. ठिणगी लागताच क्षणार्धात भडका, डोळे दिपवणारा पांढरा लोळ आणि मागोमाग धुराचा ढग. ही वार्ता न्यूयॉर्कमधील जेकब रीस या बातमीदाराने वर्तमानपत्रात वाचली, आणि छायाचित्रणाच्या इतिहासाने नवे वळण घेतले.

रीसच्या चरित्राचा आम्हांला विशेष ओढा आहे. १८४९ साली डेन्मार्कमध्ये जन्मलेला हा मनुष्य १८७० साली अमेरिकेत आला. तेथे त्याने उपासमार सोसली आणि निराश्रितांसाठी पोलिसांनी ठेवलेल्या निवाऱ्यांतही रात्री काढल्या. पुढे पोलिसखात्याचा बातमीदार झाल्यावर रात्री-अपरात्री तो गरिबांच्या कोंदट चाळींत फिरे. त्याने पुष्कळ लिहिले, पण वाचणाऱ्यांच्या काळजाला ते भिडेना. ते दाखवता आले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. आणि त्या खोल्यांत तर अंधार होता. भडक्याची भुकटी त्याला हवी तशी मिळाली.

प्रारंभी ही भुकटी पिस्तुलातून उडवावी लागे. मध्यरात्री काही अनोळखी माणसे पिस्तुले घेऊन खोलीत शिरत आणि बार उडे. झोपलेल्या माणसांची काय अवस्था होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. लोक खिडक्यांतून पळू लागले, तेव्हा रीसने पिस्तूल टाकून तळण्याचा तवा घेतला व त्यावर भुकटी पेटवू लागला. तवा अधिक घरगुती वाटतो, असे त्याने पुढे लिहून ठेवले. एकदा स्वतःच्याच डोळ्यांपुढे भडका उडाला आणि केवळ चष्म्यामुळे तो वाचला. दुसऱ्या एका प्रसंगी, अंध भिक्षेकऱ्यांच्या खोलीत चित्र घेतल्यावर दिपलेली दृष्टी पूर्ववत झाली, तो भिंतीवर लोंबणारे कागद आणि चिंध्या पेटलेल्या त्याला दिसल्या. खोलीत पाच अंध स्त्री-पुरुष होते. काय घडते आहे याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. रीसने एकट्याने, मोठ्या कष्टाने ती आग विझवली.

त्याचे पुस्तक १८९० साली प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या सुखवस्तू समाजाला पहिल्यांदाच शेजारच्या गल्लीतला अंधार दिसला. ज्या वस्तीविरुद्ध त्याने लेखणी आणि कॅमेरा दोन्ही झिजवले, ती मलबेरी बेंड पुढे पाडण्यात आली व तेथे १८९७ साली उद्यान खुले झाले. चाळींविषयीचा नवा कायदा १९०१ साली झाला. एवढे भले त्या भडक्याने केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तरीसुद्धा बेयार्ड रस्त्यावरील खोलीतले १८८९ चे ते चित्र आम्ही पाहतो, तेव्हा मन अस्वस्थ होते. एका रात्रीच्या पाच सेंटांत दाटीवाटीने निजलेली माणसे, काही अर्धवट जागी झालेली, दिपलेली, गोंधळलेली. त्या डोळ्यांत दारिद्र्य आहे तसाच भडकाही आहे. चित्र त्यांच्यासाठी होते, पण त्यांना विचारून काढलेले नव्हते. गरिबाचे दुःख जगाला दाखवताना त्याच्या डोळ्यांचे काय होते, हा प्रश्न त्या उजेडाने प्रथम उभा केला. पुढे लुइस हाइन याने एलिस बेटावरच्या स्थलांतरितांची आणि गिरण्यांतील बालकामगारांची चित्रे घेताना अशीच भुकटी वापरली; परंतु त्याच्या कितीतरी चित्रांतली माणसे कॅमेऱ्याकडे सरळ, शांत नजरेने पाहतात. साधन तेच, मनुष्यापुढे उभे राहण्याची रीत निराळी.

यानंतरची वाटचाल भराभर झाली. १९२९ साली जर्मनीत काचेच्या गोळ्यात, प्राणवायूत पेटणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बल्ब आला. धूर संपला, आगीची भीती सरली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन याने वायू भरलेल्या नळीतून विजेचा लोळ सोडून पुनःपुन्हा वापरता येणारा फ्लॅश घडवला. मग तो लहान होत होत कॅमेऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला. सोय झाली, पण कठोरपणा वाढला. आगपेटीएवढ्या तोंडातून, थेट समोरून, डोळ्यांच्या रेषेत येणारा तो झोत! आपल्या आल्बममधली काळी सावली आणि तांबडे डोळे यांचा उगम येथे आहे.

पडद्याची आठवण करून देणाऱ्यांत एक भारतीय होता, ही गोष्ट आपणांस अभिमानाची वाटावी. १९५६ च्या ‘अपराजितो’ या सत्यजित राय यांच्या चित्रपटासाठी काशीच्या घरातले अंगण हवे होते. पावसाच्या धास्तीने बंसी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले. चहूबाजूंनी बंद अशा अंगणात उजेड वरूनच, आणि सावलीविना यायला हवा. स्टुडिओतले दिवे तर चारी दिशांना सावल्या टाकणारे. तरुण छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणून बसवले, दिवे खाली ठेवून त्यांचा झोत त्या कापडावर फेकला आणि परतून आलेल्या उजेडात चित्रण केले. कापडाचे आकाश झाले. ते अंगण स्टुडिओतले आहे हे पाहणाऱ्याला उमगत नाही. महागडे यंत्र नव्हते. होते ते पाहणे आणि एक चादरवजा कापड.

स्थिर छायाचित्रणातही हेच तत्त्व रुजले. १९६० च्या दशकात पांढरी छत्री स्टुडिओत रुळली. १९८० च्या दशकात घडी होणारी कापडी पेटी, म्हणजे सॉफ्टबॉक्स, प्रचारात आली. आज फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून स्टँडवर ठेवता येतो आणि रेडिओ ट्रिगरने दुरून चालवता येतो. प्रश्न उरतो तो त्याच्यापुढे काय लावावे याचा. धर्मग्रामातील तरुण हा प्रश्न आम्हांला विचारतात, म्हणून इतिहासाने शिकवलेले चार शब्द सांगतो.

पहिली गोष्ट, फ्लॅशच्या तोंडावर बसणारी प्लास्टिकची लहान टोपी दिव्याला मोठे करीत नाही. खोली लहान आणि भिंती पांढऱ्या असतील, तर ती उजेड भिंतींवर उधळते आणि त्या भिंतीच दिवा होतात; मोकळ्या मैदानात ती केवळ उजेड वाया घालवते. दुसरी, छप्पर ठेंगणे व पांढरे असेल तर फ्लॅशचे तोंड वर वळवणे हा बिनपैशाचा उपाय आहे. पण आमच्या चर्चमध्ये तो चालत नाही. छत फार उंच आणि लाकडी, उजेड तेथून परतत नाही. छत हिरवे वा निळे असेल तर नवरीचा चेहराही तसाच होतो.

तिसरी गोष्ट, छत्री स्वस्त, हलकी आणि क्षणात उघडणारी. परंतु ती उजेड सर्वत्र सांडते. दहा-पंधरा माणसांच्या कुटुंबचित्राला ती उत्तम. पेटीचा उजेड आवरलेला असतो. एकट्या आजीचे चित्र काढायचे आणि मागची भिंत अंधारात ठेवायची, तर पेटी घ्यावी. उलट, अगदी लहान जागेपुरताच उजेड हवा असेल तर जाळी किंवा नळकांडे लावावे. पण त्याने उजेड मवाळ होत नाही, फक्त मर्यादेत राहतो. समुद्रावरचे वारे सुटले की छत्रीचे शीड होते, म्हणून स्टँडला वाळूची पिशवी बांधावी किंवा कुणाला तरी धरायला सांगावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पडदा मोठा असून भागत नाही, तो जवळ हवा. तीन फुटांची छत्री तीन फुटांवर खिडकीसारखी वागते. पंधरा फुटांवर नेली की ती पुन्हा लहानसा दिवा होते. अंतर दुप्पट केले तर उजेडही चतुर्थांश उरतो. त्यातच पांढऱ्या कापडातून जाताना निम्मा, कधी पाऊण उजेड खर्ची पडतो, आणि लहान फ्लॅशची शक्ती तर चार सेलांपुरतीच. तेव्हा मवाळ उजेड हवा असेल, तर जवळ जावे लागते. ज्यांना छत्रीही परवडत नाही त्यांनी थर्मोकोलचा पांढरा तुकडा किंवा चौकटीवर ताणलेला बटर पेपर वापरून पाहावा. नादारचा पडदा याहून फार वेगळा नव्हता.

जवळ जावे लागते, हे आम्हांला या साऱ्या इतिहासाचे सार वाटते. दुरून फेकलेला झोत माणसाला पकडतो. पडदा लावून जवळ आणलेला उजेड त्याला बसायला सांगतो, थांबतो, आणि मग त्याच्याकडे पाहतो. रीसला तेवढी सवड नव्हती, साधनही नव्हते. त्याचा भडका क्षम्य आहे. आपल्यापाशी दोन्ही आहेत.

गतवर्षी एका घरी नव्वदीच्या आजींचे चित्र नातवाने काढले, तेव्हा आम्ही तेथे होतो. पहिला फ्लॅश उडताच आजींनी पदराने डोळे झाकले. नातू क्षणभर थबकला. त्याने दाराशी वाळत असलेली पांढरी चादर आणली, दोन खुर्च्यांवर ताणली आणि फ्लॅश तिच्यामागे ठेवला. आजींनी पदर खाली घेतला. ते चित्र आता त्या घरात पणजोबा-पणजींच्या शेजारी लागले आहे, आणि दोहोंतला उजेड एकाच खिडकीतून आल्यासारखा दिसतो.